दगडातला गर

४ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहिते आहे. हौस नाही. रोज रेघांच्या कागदावर चार ओळी लिहायच्या, आणि रेघ मधेच वाकडी दिसायला लागली की त्यांच्याकडे जायचं. उजव्या डोळ्याचा मध्य गेलाच आहे. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं, आजूबाजूचं सगळं जागच्या जागी. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा नाही. डाव्याचंही तेच होणार म्हणे. कधी, ते सांगता येत नाही. मग डॉक्टर कशाला झालात, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

धाकटी म्हणते, लिहायचंच आहे तर मनातलं लिही. धाकटी माझी बहीण. दोघी एकाच घरात राहतो. मी लग्न केलं नाही, तिचा नवरा लवकर गेला. तिच्या मनातलं तिच्या तोंडात लगेच येतं, म्हणून तिला वाटतं सगळ्यांचं तसंच असतं.

६ मार्च

रेघा सरळ आहेत.

होयबाने कॉलेजात बोलावलं होतं. माझा विद्यार्थी, आता विभागप्रमुख. वर्गात काहीही विचारलं की याची मान आधी हलायची, उत्तर मागून यायचं – कधी यायचंही नाही. आजही मान हलवत म्हणाला, मॅडम, जीवाश्मांची खोली रिकामी करायचं ठरलंय. तिथे कॉम्प्युटर बसणार. संग्रह सगळा संग्रहालयाला द्यायचा. कुठल्या, असं मी विचारलं. मान हलायची थांबली, तेव्हाच कळलं. कोरडेबुवांच्या!

निवृत्त झाले तरी त्या खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे, कारण दुसऱ्या कुणी ती कधी मागितलीच नाही. लांबट खोली, उत्तरेला एकच खिडकी, खाली जिन्याशी जनरेटर. तो सुरू झाला की कपाटांच्या काचा थरथरतात आणि धूर वर येतो. निम्मं आयुष्य मी त्या धुरात उभी राहून "हात मागे!" असं ओरडले आहे. मुलं म्हणायची, बाईंच्या खोलीत दगडसुद्धा सावधान उभे असतात.

८ मार्च

कोरडेबुवांचं खरं नाव लिहिणार नाही. माझ्याकडून कागदालाही ते मिळायचं नाही.

भांडण एका दगडाचं आहे. तळहाताएवढा राखाडी दगड. त्यावर एक शंकू, नखापेक्षा थोडा मोठा. ज्या झाडांना बी येते पण फूल येत नाही, त्यांची बी अशा शंकूत असते आणि भोवती खवले असतात. बहुतेकांचे खवले कोरडे – पातळ, वाऱ्यावर जाणारे. पण काही झाडांचे खवले फुगतात, त्यांत गर भरतो, फळासारखा. आता गर कुणी फुकट देत नाही. कुणीतरी खावं आणि बी पोटातून लांब न्यावी, यासाठीची ती लाच. म्हणून हा गर झाडांना पहिल्यांदा कधी सुचला ते कळलं, तर तेव्हा तो खाणारं कोण हिंडत होतं, त्याचाही माग लागतो. अडचण एवढीच की गर दगडात टिकत नाही. सगळ्यांत आधी तोच कुजतो. उरला तर कोळशाचा पापुद्रा उरतो. पुढचं आपण ताडायचं.

मी ताडलं ते असं. माझ्या शंकूच्या खवल्यांवर सुरकुत्या आहेत, मनुकेवर असतात तशा. कोरडा खवला सुरकुतत नाही, मोडतो. सुरकुतला म्हणजे आत पाणी होतं. म्हणजे गर होता. या झाडाच्या कुळात याहून जुना गर कुणाला सापडलेला नाही. हा एवढा एक निबंध माझ्या नावावर. बाकीचं आयुष्य मुलांच्या प्रयोगवह्या तपासण्यात गेलं.

कोरडेबुवांनी उलट निबंध लिहिला. कोरडंच आहे, सुरकुत्या कशाच्याही असतील. वर भर परिषदेत म्हणाले, "बाईंना गर दिसतो, कारण बाईंना गर हवा आहे." लोक हसले. मी उठून म्हटलं, "आणि यांना कोरडं दिसतं, त्यासाठी दगडसुद्धा लागत नाही." लोक जास्त हसले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. सव्वीस वर्षं झाली.

आता माझा दगड त्यांच्या कपाटात जाणार. माझ्या हाताने नेऊन द्यायचा.

९ मार्च

धाकटी म्हणाली, "एवढं काय त्यात, ताई? दगडच आहे." दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तिला संध्याकाळपर्यंत कळलंही नाही.

१२ मार्च

डाव्या डोळ्याने दारावरची पाटी वाचताना मधलं अक्षर गळलं. पुन्हा पाहिलं, होतं. पुन्हा गळलं.

दगड जाण्याआधी आणि डोळा जाण्याआधी एकदा नीट बघून घ्यायचं आहे. इतकी वर्षं वाटत होतं, सवडीने बघू. घोडामैदान कधी जवळ आलं ते कळलं नाही.

१४ मार्च

जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी खिडकीशी बसले. दगडावर उजेड आडवा पडेल असा दिवा ठेवला. सवयीने उजव्या डोळ्याने बघायला गेले, तर शंकूच नाहीसा. राहिला फक्त कडेचा दगड. तिकडे मी आजवर कधी पाहिलंच नव्हतं. शंकू सोडून नुसता दगड कोण बघतं? तिथे, मोकळ्या दगडावर, एक सुरकुती होती. शंकूच्या कडेवरून निघालेली आणि सरळ दगडावर गेलेली.

गराची सुरकुती गराबाहेर जात नाही. दगडाला सुरकुती पडत नाही.

जुन्या सरांचं काम. माझ्या आधी ती खोली त्यांच्याकडे होती. तेव्हाची रीतच होती, कोळशाचे कण झडू नयेत म्हणून प्रत्येक नमुन्यावर व्हार्निशचा हात मारायचा. मला ते माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. व्हार्निश जुनं झालं की आक्रसतं, हेही माहीत होतं. माहीत असलेल्या या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवायचं तेवढं कुणाला सुचलं नाही. म्हणजे मला.

दिवा बंद केला. किल्ली दोनदा चुकीच्या बाजूला फिरवली.

१५ मार्च

एक सुरकुती व्हार्निशची असेल. सगळ्या असतील असं नाही.

१६ मार्च

पण नाहीत कशावरून? विद्यार्थ्याने असं उत्तर दिलं असतं तर वही तोंडावर फेकली असती.

१८ मार्च

आज पुसलं.

ॲसिटोन, काडीला गुंडाळलेला कापूस, आणि डावा डोळा तिरका लावून. मध्य चुकवून कडेने बघायचं आता जमायला लागलं आहे. कोंबडी बघते तसं. बोटांना सवय आहे, ती थरथरली नाहीत. कापूस आधी पिवळा आला – व्हार्निश. मग काळा यायला लागला. इतक्या वर्षांची जनरेटरची काजळी, दुसरं काय. काळा येईनासा होईपर्यंत पुसत राहिले. कापूस बाटल्यांत घालून झाकणं लावली. नमुन्यावरून निघालेलं काहीही खोलीबाहेर जात नाही, हा माझाच नियम. नमुन्याचा निकाल लागला तरी नियम राहिला.

मग पाहिलं. स्वच्छ दगड. खवल्यांचे नुसते ठसे, कागदासारखे पातळ. त्यांवर सरळ शिरा. सुरकुती एकही नाही.

कोरडं.

घरी आले तर धाकटी दारातच नाक वर करून म्हणाली, "या वयात नखं रंगवायला लागलीस की काय?" ॲसिटोनचा वास. मी हसले. हसू थांबेना, तेव्हा तिने मला खुर्चीत बसवलं आणि पाणी आणलं. काही विचारलं नाही. धाकटी तशी वाईट नाही.

१९ मार्च

रेघ तिसऱ्या ओळीपाशी किंचित वाकते. डॉक्टरांकडे उद्या जाईन. किंवा नाही. आता कशासाठी राखायचा डोळा?

२१ मार्च

डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. मी म्हटलं, सगळ्याच बाबतीत. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

धाकटीला सांगितलं. तिचं म्हणणं, गुपचूप दगड देऊन टाकायचा, तो माणूस बघेल नाहीतर न बघेल, इतक्या वर्षांनी कोण विचारतंय? मी म्हटलं, कोरडेबुवांना हे माझ्याकडून कळलं पाहिजे, दगडाकडून नाही. "सुंभ जळला तरी तुझा पीळ काही जात नाही," असं म्हणून ती पाकीट शोधायला गेली.

पत्र लिहिलं. चार वाक्यांचं. सुरकुत्या व्हार्निशच्या होत्या. ॲसिटोनने पुसल्यावर खवले कोरडे दिसतात. आपलं म्हणणं बरोबर होतं. तसं छापायला माझी हरकत नाही.

अक्षरं एकमेकांवर चढली असतील. चढू देत.

२३ मार्च

होयबा येऊन खोके मोजून गेला. म्हणाला, मॅडम, समारंभ करू, त्या शंकूचं मोठं चित्र लावू, तुमचा शोध! मी म्हटलं, चित्र लावू नकोस. मान हलली. लावणार बहुतेक.

२४ मार्च

काही नाही.

२६ मार्च

फोन धाकटीने घेतला. माझ्यापुढे धरून कुजबुजली – तेच.

आवाज म्हातारा झाला आहे. ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून बोलतात. पत्राबद्दल आभार नाहीत, समाधान नाही, टोमणासुद्धा नाही. मी तयारीत होते, प्रत्येक टोमण्याला उत्तर ठेवलं होतं. सगळं वाया गेलं. त्यांनी एवढंच विचारलं, पुसलं कशाने, किती वेळ, आणि शेवटी –

"कापूस कुठाय?"

मी म्हटलं, आहे, बाटल्यांत, कशाला हवा? ऐकू आलं नाही की काय, पुन्हा तेच. "कापूस टाकलात का, बाई?"

"माझ्या खोलीतून काही टाकलं जात नाही!" मीही ओरडले.

"मग मी येतो. बाटल्या उघडू नका."

फोन ठेवला. धाकटी म्हणाली, किती वर्षांनी बोललात, आणि ते काय, तर कापूस! तिला हसू येत होतं. मला विचार करायला वेळ लागला.

२७ मार्च

आधी पिवळं आलं, मग काळं. काजळी व्हार्निशच्या वर बसते. खाली नाही.

२८ मार्च

काल तेवढंच लिहून वही मिटली. आज पूर्ण लिहिते.

व्हार्निशच्या खाली काळं काय असणार? कोळशाचा पापुद्रा. खवल्याचा गर सुकून, दाबून, कोळसा होऊन जो उरला असेल तो. व्हार्निशने तो धरून ठेवला होता. व्हार्निश गेलं तसा तोही गेला. पापुद्र्याखाली दगडावर फक्त शिरांचा ठसा असणार, आणि ठसा कोरडाच दिसतो. गर असलेल्या खवल्याचाही, कोरड्या खवल्याचाही.

असं असेल तर मी बरोबर होते आणि पुरावा मीच पुसून टाकला. काळा येईनासा होईपर्यंत. नीट, मन लावून.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी सांगायचे, पुसण्याआधी विचारा, तुम्ही नेमकं काय पुसताय.

३० मार्च

देवाधर्माच्या वाटेला मी कधी गेले नाही. पण हे तीन दिवस एकच मागते आहे: मी चुकलेली निघू दे. काजळी निघू दे.

२ एप्रिल

कोरडेबुवा आले. वाकले आहेत. कानातलं यंत्र शिट्टी मारतं, ते त्यांना ऐकू येत नाही, बाकी सगळ्यांना येतं. चेहरा मला दिसलाच नाही. कान आणि यंत्र तेवढं दिसलं. जिना चढून दम लागला होता. मी म्हटलं, बसा. म्हणाले, बसायला नाही आलो. तरी बसले.

धाकटी आग्रहाने बरोबर आली होती, मला हाताला धरून. म्हणाली मी नुसती बघेन. मग दोघांना थर्मासमधला चहा दिला, खिडकीची काच पुसली, आणि कोरडेबुवांना विचारलं की तुम्ही दोघं इतकी वर्षं नेमकं कशावरून भांडत होतात. ते म्हणाले, गरावरून. तिने मान डोलावली, जणू सगळ्यांच्या घरी याच्यावरूनच भांडणं होतात.

बाटल्या त्यांनी स्वतः उघडल्या. कापसातले काळे कण चिमट्याने वेचून काचपट्टीवर ठेवले, थेंब टाकला, मायक्रोस्कोपखाली घेतली. पहिली बाटली. मग दुसरी. अशा पाचही. जनरेटर सुरू झाला, बंद झाला. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला तिथे बघण्यासारखं काही नव्हतं आणि इथेही नव्हतं.

"काय दिसतंय?" मी विचारलं. उत्तर नाही. त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं होतं. धाकटीने खांद्याला हात लावला तेव्हा वर पाहिलं. यंत्र घातलं. शिट्टी.

"काजळी," ते म्हणाले.

"सगळी?"

"सगळी. नुसते गोळे. तुमच्या सरांनी न पुसताच व्हार्निश फासलं असणार. धूर तेव्हाही येतच असेल."

मला एकदम श्वास आला. मग संशय आला.

"दया करून सांगताय?"

"मी? तुमच्यावर?" ते म्हणाले. "सव्वीस वर्षांत कधी केली का?"

खरं आहे. कधीच नाही. जगात एकच माणूस असा, ज्याने मला कधी सोडलं नाही. त्याचा शब्द घ्यायला काय हरकत आहे? स्वतः बघून खात्री करणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही. घेतला.

म्हणजे कोरडंच होतं. माझा निबंध खोटा. ठीक. चुकलेल्या माणसाला झोप लागते, एवढं आज कळलं. घरी येताना धाकटी म्हणाली, त्यांनी चहा तसाच ठेवला, आणि जाताना जिन्यात बराच वेळ बसून होते. मी म्हटलं, म्हातारे झालेत, गुडघे धरले असतील.

३ एप्रिल

झोपले. दहा वाजेपर्यंत. धाकटी दोनदा श्वास चालू आहे का बघून गेली.

४ एप्रिल

खोलीतलं जे सोपवलं त्याची नोंद. देणारी मी, घेणारे कोरडेबुवा.

कपाटं, आतल्या खोक्यांसकट. खोलीची किल्ली. दगड एक, शंकू असलेला, पुसलेला. बाटल्या पाच, कापूस – काजळी.

इथवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. सही करा म्हटलं. त्यांनी पेन घेतलं. वाचलं. पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सही होत नाही, बाई. काजळी नाही ती."

"मग परवा?"

"परवा मी तुमच्याशी बोलत होतो. ही नोंद आहे."

मोठ्या पेशी, म्हणाले. भिंती पातळ. एकीला लागून एक, फुगलेल्या. कोरड्या खवल्यात अशा नसतात. पाचही बाटल्यांत. पण सगळे सुटे तुकडे. दगडावर ते कुठे होते, होते की नव्हते, हे आता कुणाला दाखवता येणार नाही. त्यांनाही नाही. छापलं तर कुणी मानणार नाही. त्यांनी स्वतःही मानलं नसतं.

मी "काजळी" खोडलं. जागा चाचपून त्यावर "गर" लिहिलं.

मग त्यांनी सही केली.